जिभेला लावलेलं बोट

करंजा, ता. उरण, जि. कुलाबा
५ ऑगस्ट १९६१

रोहिदास,

नमस्कार-चमत्कार तू आपल्या मनाशी घालून घे, मला कामाचं लिहायचं आहे.

तू रजा संपवून गिरणीत परत गेलास त्याला महिना झाला आणि इथे लोकांनी माझं डोकं उठवलं आहे. होड्या पावसासाठी शाकारलेल्या आहेत, अजून पाण्यात गेल्या नाहीत. माणसं दिवसभर आपल्या वाचनालयाच्या पडवीत जाळी सांधत बसतात आणि सगळ्यांचा एकच सवाल, "दादू, त्या गलबताचं पुढं काय झालं?" ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक तू कुठे सोडून गेलास ते आठवतं ना? वारा पडलेला, गलबत भर समुद्रात अडकलेलं, आणि पिंपात दोन दिवसांचं पाणी. मी म्हटलं, मी वाचतो पुढचं. तर आपले अध्यक्ष गोटीराम नाखवा सगळ्यांसमोर म्हणाले, "तू वाचलंस का सोसायटीची नोटीस वाचल्यासारका वाटतंय. ऱ्हाऊ दे. रोहिदास येल तवा बगू." मच्छीमार सोसायटीत कारकुनी करून वाचनालय फुकट सांभाळतो, त्याचं हे बक्षीस.

आमची काशी आठ वर्षांची मास्तरीण झाली आहे. पाटी पुढे धरते, बोट जिभेला लावते आणि "हां, तर मंडळी" म्हणून पान उलटल्याचं सोंग करते. जिभेला बोट लावल्याशिवाय पान उलटतच नाही, असा तिचा समज तू करून दिला आहेस.

आता कामाचं. वाचताना तू तीन-चारदा थांबलास. ओटीवर जाऊन खोकून आलास. विडी नाही, तंबाखू नाही, मग हा खोकला कसला? दर आठवड्याला पगारातून विम्याचे पैसे कापतात म्हणून कुरकुर करायचास ना? मग जा एकदा त्या विम्याच्या डॉक्टरकडे. इथे ताप आला तर उरणला जायचं आणि डॉक्टर भेटेपर्यंत देवीला नवस बोलायचा. तुझ्या खिशात सरकारनं दिलेलं कार्ड आहे. ते काय फ्रेम करून लावायला?

तुझा,
दादू

०

शिवडी, मुंबई
१९ ऑगस्ट १९६१

दादू,

पत्र मिळालं. खोकला कापसाचा आहे. आमच्या खात्यात धोतराच्या निऱ्यांतूनसुद्धा कापूस निघतो, मग छातीत गेला तर नवल काय? सगळेच खोकतात. एकाने सुरू केलं की भजनासारखे बाकीचे धरतात.

कार्ड ट्रंकेत आहे, आईनं दिलेल्या देवीच्या अंगाऱ्याबरोबर. दोन्ही सारखंच काम करत असतील. तुला सांगणं सोपं आहे. विम्याच्या डॉक्टरच्या दारात जी रांग असते, तीत निम्मे आमच्या खात्यातले आणि उरलेले आमच्या खोलीतले. खोकला सांगितला की तो छातीचा फोटो काढायला धाडतो. फोटोला गेलेल्या माणसाचं अंथरूण दुसऱ्या दिवशी जिन्याखाली दिसतं. आमच्या गावकीच्या खोलीत एकवीस माणसं झोपतात, त्यांना कोण समजावणार? मला काही झालेलं नाही, म्हणून जात नाही.

निळं पुस्तक कपाटात ठेव. मी खूण म्हणून बसचं तिकीट घातलं आहे. पुढचं कुणालाही वाचू देऊ नकोस, तूही वाचू नकोस. दिवाळीला येतो आणि गलबत हलवतो.

काशीला सांग, पाटीला थुंकी लावली तर सरस्वती रागावते.

रोहिदास

०

सॅनिटोरियम, वॉर्ड नं. ४
११ डिसेंबर १९६१

दादू,

वरचा पत्ता वाचून तुला सगळं कळलं असेल. दिवाळीला का आलो नाही तेही कळलं असेल.

ऑक्टोबरात कापड विणायच्या साच्यावर उभा असताना तोंडातून रक्त आलं. समोरच्या पांढऱ्या कापडावरच पडलं, त्यामुळे लपवायला काही उरलं नाही. आमचा मुकादम, जॉबर, रागावेल असं वाटलं होतं, त्यानंच टॅक्सी केली. मग विम्याचा डॉक्टर, छातीचा फोटो, आणि फोटोत उजव्या बाजूला आठ आण्याएवढं भोक. तू म्हणालास ते कार्ड ट्रंकेतून काढताना अंगारा सगळीकडे सांडला.

आता ऐक, या विम्याची मी किती टिंगल केली ती सगळी परत घेतो. खाट फुकट, रोजचं इंजेक्शन फुकट, सकाळी दूध आणि अंडं. काम न करता निम्म्याच्या आसपास पगार मिळतो, तो मी आईला धाडतो. आजारात असताना नोकरीवरून काढता येत नाही असा कायदा आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर पंढरी म्हणून एक हमाल आहे, त्याला विमा नाही. त्यानं बायकोचं सगळं विकून इथली खाट मिळवली आहे. तो माझ्या दुधाकडे बघत नाही, पण मला ते घशाखाली उतरवताना लाज वाटते. चार महिने आधी आलो असतो तर भोक चार आण्याचं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दादू, तुला एकट्याला लिहितो आहे. गावात कुणाला सांगू नकोस. गिरणीनं मला नवीन साचे शिकायला घाटावर पाठवलं आहे, असं मी आईला कळवलं आहे. तुला माझ्या गळ्याची शपथ.

एक काम कर. निळं पुस्तक पोस्टानं धाड. इथे संध्याकाळी चार ते सहा नुसतं पडून राहायचं असतं. मी त्यांना गलबताची गोष्ट सांगितली आणि पिंपातल्या पाण्यापाशी येऊन अडलो. पंढरी रोज विचारतो.

रोहिदास

०

करंजा
३० डिसेंबर १९६१

प्रिय रोहिदास,

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की तू योग्य जागी पोचलास. आजकाल या रोगाला काही अर्थ राहिलेला नाही, इंजेक्शनं निघाली आहेत. तू हसत-खेळत बरा होशील.

इथलं सगळं ठीक आहे. तुझ्या आई पुतळाबाई रोज उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसतात. वाचनालय जोरात चालू आहे. कपाटं जरा मोकळी दिसतात, पण ते वाळवीचा बंदोबस्त चालला आहे म्हणून. निळं पुस्तक सध्या गोटीराम नाखव्यांकडे आहे, त्यांनी परत केलं की धाडतो. तब्येतीला जप, दूध पीत जा, लाज कसली त्यात?

सगुणा आणि काशी आठवण काढतात.

तुझा,
दादू

०

सॅनिटोरियम
१८ मार्च १९६२

दादू,

तीन महिन्यांत तुझं एकच पत्र आणि तेही सोसायटीच्या नोटिशीसारखं. गोटीराम नाखवा एवढा वाचक कधी झाला? मागे एकदा पंचांग नेलं होतं त्यानं, तेही उलटं धरलं होतं.

माझं वजन अकरा पौंड वाढलं आहे. इथे कपाटभर पुस्तकं आहेत. वॉर्डात एक रिवाज आहे. बरा होऊन जाणारा माणूस आपल्याजवळचं एखादं पुस्तक मागे ठेवून जातो. बरे न होता जातात त्यांचंही राहतंच. मी दुपारी ती वाचून दाखवतो. हसू नकोस, इथे माझं नाव वाचनालयवाले पडलं आहे. तुझी गादी मी चालवतो.

एक गंमत सांगतो. पहिल्याच दिवशी मी वाचायला बसलो आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं, तर मालतीबाई सिस्टर दारातून ओरडल्या. कधी आई ओरडली नसेल असं ओरडल्या. मग त्यांनी मला एक चपटी डबी दिली. पोस्टातले लोक तिकिटं लावायला ठेवतात तशी, आत ओला स्पंज. आता मी ऐटीत स्पंजावर बोट टेकवतो आणि पान उलटतो.

रात्री मात्र मला घाम फुटला. आपल्या वाचनालयातल्या किती पुस्तकांना मी ते बोट लावलं असेल! दुसऱ्या दिवशी मालतीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, पुस्तकं काय करणार? चार दिवस कडक उन्हात उघडी टाका म्हणावं, झालं." तेव्हा दादू, तेवढं कर. माझ्या नावावर नेलेल्या सगळ्या पुस्तकांना खळ्यात ऊन दाखव. कारण विचारलंच कुणी, तर वाळवीचं सांग.

आईच्या पत्रात हल्ली बाजाराचं एक अक्षर नसतं. कुणाकडून लिहून घेते कोण जाणे. एकदा बघून ये ना.

रोहिदास

०

करंजा
३ जून १९६२

रोहिदास,

तुझं मार्चचं पत्र माझ्या उशीखाली आहे. अडीच महिने उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. आज लिहून टाकतो. संपूर्ण वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी गोटीराम नाखव्यांकडे गेलो. तू गळ्याची शपथ घातली होतीस. पत्र वाचून झालं तेव्हा काशी ओसरीवर बसून बोट जिभेला लावून पुस्तकाचं पान उलटत होती. आपल्या वाचनालयातलं पुस्तक, तुझ्या हातून आलेलं. मी तिच्या हातातून पुस्तक हिसकावलं, तिच्या तोंडात मारली आणि तसाच अनवाणी निघालो. हे बाप म्हणून केलं असं मी सहा महिने स्वतःला सांगतो आहे.

नाखव्यांनी रातोरात कमिटी जमवली. एक जण म्हणाला, वाचनालय बंद करा. मी म्हटलं, बंद कशाला, माझ्याकडे रजिस्टर आहे, रोहिदासनं कुठली पुस्तकं नेली ती एकूण एक लिहिलेली आहेत. रजिस्टर मी किती नीट ठेवतो ते तुला ठाऊक आहे. तू कौतुक करायचास. एकसष्ट पुस्तकं निघाली. गावात जे जे कुणाला आवडलं होतं, ते सगळं त्यात होतं, कारण ते तूच वाचून दाखवलं होतंस. उरली ती स्तोत्रं आणि सरकारी अहवाल.

बंदराच्या पलीकडे वाळूत जाळली. मित्र म्हणून पक्षपात करतो असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिलं पुस्तक मी टाकलं. निळं. तुझं तिकीट त्यातून खाली पडलं, तेही पायानं आत सरकवलं. जाड पुस्तकं लवकर जळत नाहीत रे. काठीनं उलटावी लागतात. जाळी सांधणारी सगळी माणसं उभी होती. गलबताचं काय झालं ते आता विचारायचं नाही, हे सगळ्यांना समजलं आणि कुणी कुणाकडे बघेना. काशी माझ्या मागून कधी आली कळलं नाही.

आणि पुतळाबाई. तू साचे शिकायला गेला आहेस असं त्या धक्क्यावर ज्याला त्याला सांगत होत्या. आगीच्या दिवशी त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या पाटी घेऊन उरणच्या बाजारात बसल्या, तर त्यांच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून पलीकडे जाऊन बसल्या. पाटीतले बोंबील होते तसे परत आले. आठ दिवस हेच झालं, मग त्यांनी जाणं सोडलं. तू धाडतोस त्या विम्याच्या पैशांवर त्या राहतात. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाल्या, "दादू, त्याला यातला काय बी लिवू नको. त्याला वाटू दे आई बाजारान बसते. पोर बरा होऊ दे. मना काय नको." त्यांची पत्रं कोण लिहितं विचारलंस ना? मी लिहितो. डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. बाजाराचं खोटं मला दोनदा लिहवलं नाही, म्हणून ते गाळलं.

चार दिवस ऊन. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचली आणि मी सोसायटीच्या टेबलावर डोकं ठेवून बसलो. मला साधं विचारता आलं असतं. उरणच्या डॉक्टरला, तुला, कुणालाही. विम्याच्या डॉक्टरकडे जा म्हणून तुला शहाणपण शिकवणारा मी, माझ्या गावात देवीच्या अंगाऱ्याइतकंही डोकं चालवलं नाही.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही.

दादू

०

सॅनिटोरियम
२९ ऑगस्ट १९६२

दादू,

तुझं पत्र वाचून पहिला आठवडा मी तुला जी पत्रं लिहिली ती मालतीबाईंनी स्टोव्हमध्ये घातली. बरं केलं. त्यांतल्या शिव्या तुला नवीन नव्हत्या, पण आईचं नाव घेऊन दिल्या होत्या.

पुस्तकांचं मी विसरेन. आईच्या दोन्ही बाजूच्या बायका उठल्या, ते मला विसरता येणार नाही. तुलाही येऊ नये.

पण आता माझं ऐक. हे मी वॉर्डात कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. रक्त मला ऑक्टोबरात पहिल्यांदा आलं नव्हतं. जूनमध्ये आलं होतं. रजेवर येण्याच्या आधी. रुमालावर रुपयाएवढा डाग. मला कळलं होतं काय आहे ते. खोलीतल्या दोघांना तसंच झालेलं मी पाहिलं होतं. म्हणूनच रजा काढून आलो, हवापालट होईल म्हणून. तुझ्या पडवीत बसलो, काशीला शेजारी घेतलं, बोट जिभेला लावलं आणि पंधरा दिवस पानं उलटली. ओटीवर जाऊन खोकून यायचो ना? तिथे रुमाल बघायचो आणि परत येऊन "हां, तर मंडळी" म्हणायचो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, ते मला सोडवत नव्हतं. कार्ड तेव्हाही ट्रंकेत होतं. एक दिवस रांगेत उभं राहिलो असतो तर तुझं वाचनालय शाबूत असतं आणि माझी आई बाजारात असती.

तू घाबरून केलंस. मी जाणूनबुजून केलं. काशीचा फोटो काढून घे, दादू. उद्या नको, आज. त्याचा निकाल कळेपर्यंत मला झोप नाही. मुंबईला नेऊन सरकारी दवाखान्यात दाखव. रांगेत लाजू नकोस.

मला १० ऑक्टोबरला सोडणार आहेत. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा स्वच्छ. भोक भरलं आहे. तसं सर्टिफिकेट देणार आहेत, गिरणीही परत घेणार आहे.

आमच्या वाचनालयाची पुस्तकं जळली, एवढंच मी वॉर्डात म्हटलं. कशी, असं पंढरीनं विचारलं. मी सांगितलं, दिवा कलंडला. तुझ्यासाठी खोटं बोललो, नोंद करून ठेव. तर या लोकांनी कपाटातून आणि उशाखालून काढून एकोणीस पुस्तकं मला ट्रंकेत भरून दिली आहेत. पंढरीनं आपलं एकुलतं एक दिलं. यांतलं एकही पुस्तक असं नाही की ज्याला क्षयवाल्याचा हात लागलेला नाही. चार दिवस नाही, पंधरा दिवस ऊन दाखवलं आहे.

घरी येणार तो आधी आईकडे. पण ही ट्रंक तू वाचनालयात घेणार का? घेणार असशील तर तसं लिही, म्हणजे मी धक्क्यावरून सरळ वरच्या वाटेनं, सगळ्यांसमोरून येईन. नसशील तर तसंही लिही. मी मागच्या वाटेनं येईन, रागावणार नाही. रागावण्याचा माझा हक्क जूनमध्येच संपला.

रोहिदास

०

करंजा
२ ऑक्टोबर १९६२

रोहिदास,

काशीचा फोटो स्वच्छ आहे. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

तुझं पत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी तिला मुंबईला नेलं. चार तास रांगेत होतो. पुढे-मागे सगळे तोंडावर पदर नाहीतर रुमाल धरून उभे, कुणी आपल्या गावचं नाव सांगत नव्हतं. मलाही एकानं विचारलं, कुठले? मी पनवेलचा म्हणून सांगितलं. मग काशी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आपुन करंज्याचे ना?" तेव्हा कळलं तू कार्ड ट्रंकेत का ठेवलं होतंस. तू मला जूनचं सांगितलंस त्याचा राग आला होता, खोटं नाही सांगत. फोटोचा निकाल लागेपर्यंत तीन आठवडे तुझं नाव मी घेतलं नाही. आता घेतो आहे.

कमिटीपुढे तुझ्या ट्रंकेचा विषय ठेवला. मालतीबाई उन्हाचं काय म्हणाल्या ते तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं, नोटिशीसारखंच. नाखवा म्हणाले, "बरा झाला, देवीची किरपा. पन त्या ट्रंका आत नको." पाच विरुद्ध एक. तो एक मी. तेव्हा ट्रंक आत येणार नाही. पडवीत राहील, जाळी सांधतात तिथे. पडवीबद्दल ठरावात काही नाही, ठराव मीच लिहिला आहे. एकोणीस पुस्तकांची यादी धाड, रजिस्टरात नवं पान घालून ठेवलं आहे. त्या पानावर पहिलं नाव काशीचं आहे, वय नऊ. काशीची आई सगुणा त्यावरून माझ्यावर चिडली आहे. माझी भीतीही गेलेली नाही, तुला खोटं कशाला सांगू? फक्त लाज भीतीपेक्षा मोठी झाली आहे.

पुतळाबाईंना परवा मी स्वतः बाजारात घेऊन गेलो. पाटी माझ्या डोक्यावर होती. सगळा बाजार हसला, हसू दे. मी त्यांच्या शेजारी रिकाम्या जागेत बसलो, सोसायटीच्या सदऱ्यानिशी. दुपारपर्यंत दोन वाटे गेले. त्यांतला एक मीच घेतला. दुसरा कुणी घेतला ते विचारू नकोस, तिला नाव नको होतं.

तू वरच्या वाटेनं ये. ट्रंकेचं एक टोक मी धरीन. माणसं बाजूला होतील, ते दोघांनी बघायचं आहे.

एक विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. ते निळं पुस्तक तू पुढं चोरून वाचलं होतंस का रे? गलबताला पाणी मिळालं का, हे या गावात आता कुणालाच माहीत नाही, आणि जाळणाऱ्यानं विचारू नये हेही मला समजतं. मी विचारणार नाही. पण काशी विचारणार आहे. ती तुझ्या शेजारी बसेल. मी बसू देईन.

दादू